मानगुटीला आणि मानगुटीवर

घरातल्या माळ्यावर किंवा जुन्या कपाटामागे मांजर व्याली, की काही दिवसांतच तिची जागा बदलण्याची लगबग सुरू होते. मांजर आपल्या पिल्लांना सात घरे फिरवते, असा आपल्याकडे समज आहे. घरे नेमकी सातच भरतात की नाही, हे कोणी मोजलेले नसावे. परंतु पिल्लाला ती कसे उचलते, हे मात्र पुष्कळांनी पाहिलेले असते. पिल्लाच्या मानेमागची सैल कातडी ती अलगद दातांत धरते आणि क्षणापूर्वी चुळबुळ करणारे ते पिल्लू एकाएकी निपचित होते. मागचे पाय पोटाशी आखडलेले, शेपटी आत वळलेली, आवाज बंद. आई कठड्यावरून उडी मारते, अरुंद भिंतीवरून चालत जाते, पण पिल्लू हूं की चूं करीत नाही.

मांजर जिथे धरते त्या जागेला मराठीत 'मानगूट' म्हणतात. इंग्रजीत त्यासाठी 'स्क्रफ' हा शब्द आहे. शरीराच्या इतक्या लहानशा भागासाठी स्वतंत्र शब्द असावा आणि तोही केवळ शरीरशास्त्रापुरता न राहता भांडणात, भुताखेतांच्या गोष्टींत, कर्जाच्या हिशेबात आणि क्रिकेटच्या समालोचनात वावरावा, ही भाषेची एक गंमतच म्हटली पाहिजे.

मराठी 'मान' या शब्दाचे मूळ संस्कृत 'मन्या' या शब्दात आहे. अमरकोशाने मानेच्या मागील बाजूच्या शिरेला 'मन्या' म्हटले आहे. मान आखडण्याच्या विकाराला आयुर्वेद 'मन्यास्तंभ' म्हणतो, तो याच शब्दावरून. म्हणजे आज आपण संपूर्ण ग्रीवेला मान म्हणत असलो, तरी मुळात हा शब्द मागच्याच बाजूचा होता. पुढे त्याचा अर्थ विस्तारत गेला आणि मागच्या बाजूसाठी 'मानगूट' हा ठसकेबाज शब्द रूढ झाला. 'मान' या उच्चाराचे दोन शब्द मराठीत सुखाने नांदतात. ती मान म्हणजे ग्रीवा आणि तो मान म्हणजे आदर. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु बोलणाऱ्याच्या मनात ते कधीचेच एकमेकांत मिसळून गेले आहेत. मान ताठ असणे, मान खाली जाणे, मान तुकवणे या वाक्प्रचारांत लिंग ग्रीवेचे आणि अर्थ प्रतिष्ठेचा असतो. एखाद्याची मानगूट धरली की त्याचा मानही जातो, हे मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या शब्दाच्या शेजारपाजारी आणखीही काही शब्द आहेत. 'बखोट' हा त्यांतला एक. मानगूट आणि बखोट यांची गल्लत हल्ली अनेकदा होताना दिसते. पण बखोटीला धरणे म्हणजे काखेजवळ, दंडाला धरणे. हट्ट करणाऱ्या मुलाला आई बखोटीला धरून घरी आणते, त्यात राग असला तरी हक्काचा जिव्हाळाही असतो. 'गचांडी' मात्र निखळ अपमानाची. नको असलेल्या माणसाला मानेला धरून, ढकलून बाहेर काढणे म्हणजे गचांडी देणे. याच कृतीला संस्कृत कथाकारांनी एक विलक्षण नाव दिले आणि ते मराठीनेही उचलले. ते नाव म्हणजे 'अर्धचंद्र'. अंगठा एका बाजूला आणि चार बोटे दुसऱ्या बाजूला ताणून पंजा मानेवर टेकवला, की हाताचा आकार अर्ध्या चंद्रासारखा होतो. त्या पंजाने माणसाला दाराबाहेर घालवले, की त्याला अर्धचंद्र मिळाला! अपमान तोच, पण शब्द असा की ऐकणाऱ्याला क्षणभर अलंकारच भेट मिळाल्यासारखे वाटावे. सभ्यतेचे असे पांघरूण घालण्यात आपल्या पूर्वजांचा हात धरणारे कोणी नव्हते.

इंग्रजी 'स्क्रफ' या शब्दाची कुळकथाही रंजक आहे. मानेच्या मागच्या भागासाठी तो इंग्रजीत नोंदला गेला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी 'स्कफ्ट' असे रूप प्रचारात होते. डच व फ्रीजियन भाषांतील त्याचे भाऊबंद घोड्याच्या मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्याला लागू होतात, तर जुन्या नॉर्स भाषेतील नातलगाचा अर्थ डोक्यावरचे केस असा आहे. 'स्कफ्ट'मध्ये मधला 'र' शिरला तो बहुधा दुसऱ्याच एका शब्दामुळे. कोंडा, खपली अशा अर्थाचा 'स्क्रफ' इंग्रजीत आधीपासून होता. त्यापासून 'स्क्रफी' हे विशेषण निघाले. प्रारंभी त्याचा अर्थ कोंड्याने भरलेला एवढाच होता. एकोणिसाव्या शतकात तो गबाळा, अस्ताव्यस्त, मळकट असा झाला. आज ब्रिटनमध्ये अव्यवस्थित राहणाऱ्या माणसाला सरळ 'स्क्रफ' म्हणतात. अशा रीतीने मानगूट आणि गबाळेपणा हे दोन परके अर्थ इंग्रजीत एका छपराखाली आले, जसे आपल्याकडे मान आणि मान आले.

क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनात हा शब्द वरचेवर कानी पडतो. हातातून निसटू पाहणारा सामना एखाद्या खेळाडूने आपल्या बाजूला खेचून आणला, की त्याने सामन्याची मानगूट पकडली, असे समालोचक म्हणतात. १८ जून १९८३ रोजी इंग्लंडमधील टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध भारताचे ५ गडी अवघ्या १७ धावांत बाद झाले होते. त्या डावात कपिल देव यांनी नाबाद १७५ धावा काढल्या आणि भारताने तो सामना ३१ धावांनी जिंकला. इंग्रजी वाक्प्रचार ज्या पराक्रमासाठी जन्मला, तो हाच. मराठी वार्ताहर मात्र अशा वेळी 'सामन्याची सूत्रे हाती घेतली' किंवा 'सामना एकहाती फिरवला' असे लिहितात. मानगूट हा शब्द मराठीत कौतुकाला सहसा चालत नाही. त्याला धाकाचा, दंडेलीचा वास आहे.

मांजरीकडे पाहिले की मात्र हा वास नाहीसा होतो. पिल्लू निपचित होते ते भीतीने नव्हे. मानेमागील कातडीवर विशिष्ट दाब पडताच हालचाल थांबावी, अशी योजना त्याच्या मज्जासंस्थेतच असते. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातील पशुवैद्यकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांजरांच्या मानेमागे कागद अडकवण्याच्या चिमट्यांसारखे साधे चिमटे लावून हा परिणाम तपासला होता. जपानमधील रिकेन संस्थेच्या कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली याच धर्तीची प्रतिक्रिया उंदरांच्या पिल्लांत आणि मानवी तान्ह्यांत असल्याचे दाखवून दिले. आईने उचलून घेऊन चालू लागताच बाळाचे रडणे थांबते, धडपड कमी होते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. नुसते मांडीवर घेऊन बसण्याने तेवढा गुण येत नाही. पिल्लू शांत राहिले नाही, तर आईला त्याला सुरक्षित स्थळी नेण्यास अधिक वेळ लागतो, हेही उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. म्हणजे निश्चल होणे हा पिल्लाचा पराभव नसून आईच्या कामातला त्याचा वाटा आहे. रडते मूल खांद्यावर टाकून येरझारा घालणाऱ्या आजीला हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, एवढेच.

मात्र हाच दात आणि हीच जागा मांजरीच्या दुसऱ्या उद्योगातही उपयोगी पडते. उंदीर मारताना मांजर त्याच्या मानेच्या मागच्या बाजूलाच दात रोवते. सुळे मणक्यांच्या सांध्यात शिरतात आणि भक्ष्य तत्काळ गतप्राण होते. सकाळी ज्या जबड्याने उंदराचा जीव घेतला, त्याच जबड्यातून दुपारी पिल्लू माळ्यावरून खाली येते, अंगावर ओरखडाही न उमटता. फरक असतो तो फक्त दाबाचा. प्राचीन भारतीय विद्वानांच्या नजरेतून हा फरक सुटला नव्हता. 'पाणिनीय शिक्षा' या उच्चारशास्त्रावरील ग्रंथात वर्ण कसे उच्चारावेत हे सांगताना वाघिणीचा दृष्टांत दिला आहे. वाघीण बछड्याला दाढांत धरून नेते तेव्हा तो पडेल याचीही तिला धास्ती असते आणि त्याला दात रुततील याचीही. उच्चार करणाऱ्याने अक्षर तसे धरावे, ना सैल, ना आवळून. व्याकरणाच्या रुक्ष प्रांतात मातृत्वाची याहून नेमकी प्रतिमा क्वचितच सापडेल.

दक्षिण भारतात या प्रतिमेने थेट तत्त्वज्ञानात प्रवेश केला. रामानुजाचार्यांच्या श्रीवैष्णव परंपरेत पुढे दोन शाखा झाल्या, वडकलै आणि तेन्कलै. वडकलै शाखा वेदान्त देशिक यांना, तर तेन्कलै शाखा पिळ्ळै लोकाचार्य यांना आपले आचार्य मानते. ईश्वराची कृपा प्राप्त होण्यासाठी जीवाने स्वतः काही करावे लागते काय, हा त्यांच्यातील वादाचा एक प्रमुख मुद्दा. त्याचे स्पष्टीकरण दोन प्राण्यांच्या आधारे केले जाते. माकडिणीचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते, त्याची पकड सुटली तर ते पडेल, हा मर्कटन्याय. मांजरीचे पिल्लू काहीच धरत नाही, धरण्याचे सर्व काम आईचे, हा मार्जारन्याय. पहिला वडकलैंचा, दुसरा तेन्कलैंचा. श्रीरंगम् किंवा कांचीपुरम् येथील मंदिरांत जाणाऱ्या प्रवाशाला तेथील पुजाऱ्यांच्या कपाळावरील निरनिराळ्या आकारांच्या तिलकांत या शाखाभेदाची खूण आजही दिसते. तत्त्वज्ञांचे मतभेद काहीही असोत, मार्जारन्यायाचा सगळा भार शेवटी एका चिमूटभर सैल कातडीवर आहे. पिल्लाला तिथे धरले जाते आणि तिथेच ते निर्धास्त होते.

या सुंदर दृष्टांतावरून घरी मांजर पाळणाऱ्यांनी मात्र भलताच बोध घेऊ नये. मानगुटीला धरले की मांजराला काही लागत नाही, हा समज सर्वत्र पसरलेला आहे. तो वयाच्या पहिल्या काही आठवड्यांपुरता आणि आईच्या जबड्यापुरताच खरा आहे. प्रौढ मांजराचे सारे वजन त्या कातडीवर लोंबकळले, तर त्याला वेदना होतात. ते निश्चल झालेले दिसते, पण ती शांतता नसते. सुटकेचा मार्ग उरलेला नाही अशी त्याची समजूत झालेली असते. अमेरिकेतील आणि आंतरराष्ट्रीय मार्जारवैद्यक संघटनांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत तपासणीच्या वेळीदेखील मानगूट धरणे टाळावे, असे सांगितले आहे. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि बिथरलेले असेल तर जाडसर टॉवेलात गुंडाळून उचलावे, हीच योग्य रीत. लस टोचण्याच्या बाबतीतही असाच बदल झाला. पूर्वी सैल कातडी चिमटीत सहज येते म्हणून लस दोन खांद्यांच्या मध्ये देत. १९९१ साली अमेरिकी पशुवैद्यकांनी क्वचित काही मांजरांत टोचलेल्या जागी गाठी होत असल्याचे निदर्शनास आणल्यावर लस पायाच्या खालच्या भागात देण्याची शिफारस पुढे आली. ही व्याधी अत्यंत विरळ आहे. तिच्या भयाने रेबीजची लस टाळणे हा मूर्खपणाच ठरेल. पिसवांवरील औषधाचे थेंब मात्र आजही मानेमागेच सोडतात. त्याचे कारण साधे आहे, मांजराची जीभ तेवढ्या एका जागी पोहोचत नाही.

जिथे आपली जीभ पोहोचत नाही, नजर पोहोचत नाही आणि हातही जेमतेम पोहोचतो, अशी मानगूट ही माणसाच्याही शरीरावरील जागा आहे. म्हणूनच मराठी कल्पनाशक्तीने तिथे भुतांना बसवले असावे. येथे विभक्ती लक्षात घेण्याजोगी आहे. 'मानगुटीला' धरणारा समोर उभा असतो, निदान मागे वळून त्याचा चेहरा पाहता येतो, आणि केव्हा ना केव्हा त्याचा हात सुटतो. 'मानगुटीवर' बसणारा दिसत नाही आणि उतरतही नाही. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. त्यांतला राजा प्रेत खांद्यावर टाकून मौन धरून निघतो, वेताळ कथा सांगून त्याला बोलते करतो आणि पुन्हा झाडाला जाऊन लोंबकळतो. मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी हे दृश्य 'चांदोबा' मासिकातील चित्रात पाहिले. अरबी कथांमधील सिंदबादच्या पाचव्या सफरीत एक दुबळा दिसणारा म्हातारा 'मला ओढ्यापलीकडे ने' म्हणून खांद्यावर बसतो आणि मग पायांची मिठी मानेभोवती घालून कित्येक दिवस खाली उतरत नाही. दोन्ही कथांतला समान धागा असा, की ओझे उचलताना ते थोड्याच वेळाचे वाटते.

कर्जाविषयी बोलताना मराठी माणूस नेमका हाच शब्द वापरतो, यात नवल ते काय! कर्ज 'काढतात', 'घेतात', 'उचलतात', आणि मग ते 'मानगुटीवर बसते'. महाराष्ट्राच्या इतिहासात या वाक्प्रचाराला रक्तामांसाचा अर्थ होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि हा उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. 'दख्खनचे दंगे' म्हणून तो ओळखला जातो. त्याचे वैशिष्ट्य असे, की जमावाचा रोख प्रामुख्याने माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे, खते आणि निवाडे हुडकून काढून त्यांची होळी करण्यात आली. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तिथे बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाही. वेताळ कशात दडला आहे, हे शेतकऱ्यांनी बरोबर ओळखले होते. चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी कायदा झाला. पैशांच्या दाव्यात शेतकऱ्याला अटक करून तुरुंगात टाकण्याची तरतूद त्याने काढून टाकली आणि रोख्यावरचा आकडा डोळे मिटून न स्वीकारता व्यवहाराचा मूळ हिशेब उकलून पाहण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. आपल्या जुन्या व्यवहारशास्त्रात 'दामदुपटी'चा नियम होताच. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुदलाहून अधिक होऊ नये, असे तो सांगतो. मानगुटीवरच्या ओझ्याला कुठेतरी मर्यादा हवी, हे भान फार जुने आहे.

संस्थात्मक कर्जव्यवहाराच्या काळात सावकाराची खतावणी गेली, तरी 'मानगुटीला' धरण्याचा मोह सर्वत्र संपला असे म्हणता येत नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेने २००८ साली वसुली-प्रतिनिधींविषयी बँकांना सविस्तर सूचना दिल्या. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात तर बोलण्यातील धाकदपटशा, शारीरिक त्रास, कर्जदाराचा चारचौघांत अपमान, त्याच्या कुटुंबीयांच्या खासगी जीवनात ढवळाढवळ आणि थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी व सायंकाळी ७ नंतर दूरध्वनी करणे या गोष्टी स्पष्टपणे निषिद्ध ठरवल्या. आपण नेमलेल्या प्रतिनिधीच्या वर्तनाची जबाबदारी संबंधित बँकेवर राहील, हेही त्यात बजावले. थकलेला हप्ता मागणे हे बँकेचे कामच आहे. ठेवीदारांचा पैसा त्यात गुंतलेला असतो. प्रश्न वाघिणीचाच आहे, धरावे किती घट्ट. वसुलीच्या टेबलावर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला आणि त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या खातेदाराला हा प्रश्न दर महिन्याला नव्याने भेटतो.

मानेवर ओझे वाहणारा आणखी एक प्राणी या शब्दाच्या परिसरात आहे, तो म्हणजे बैल. त्याच्या मानेवर नांगरणीपासून मळणीपर्यंत जू असते. लाकडाच्या घर्षणाने तिथली कातडी जाड होते, कधी सुजते, कधी सोलवटते. पोळ्याच्या आदल्या दिवशी महाराष्ट्रातल्या अनेक गावांत खांदेमळणीचा विधी होतो. बैलाला धुऊन त्याच्या मानेला आणि खांद्याला हळद आणि तूप किंवा लोणी लावून चोळतात, काही भागांत तो भाग शेकतातही. त्या संध्याकाळी जू खुंटीला असते. पोळ्याच्या दिवशी शिंगांना रंग, अंगावर झूल, गळ्यात घुंगुरमाळा, पुरणपोळीचा घास असा मोठा थाट असतो आणि सर्वांचे लक्ष त्याकडेच जाते. आदल्या संध्याकाळी गोठ्यात कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडात चाललेले ते मान चोळणे फारसे कोणी पाहायला येत नाही. बैल डोळे अर्धवट मिटून, मान थोडी खाली घालून उभा असतो.